सामियाचे सात ग्लास

सामियाबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करून टाकते. मी तिच्यावर जळायचे. जरा वाईट वाटायचं वगैरे नाही, चांगली धुमसत जळायचे. आता ती इथे नाही, समोरच्या दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे, तरी ते धुमसणं काही पुरतं विझलेलं नाही. तेव्हा मी सांगेन त्यात थोडी राख उडणारच. ती झटकून वाचा.

जर्मनीतल्या येना शहरात लोबेडा नावाचा भाग आहे. आठ-आठ मजल्यांच्या एकसारख्या प्लाटनबाऊ, म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभारलेल्या, इमारती आणि मधून धावणारी ट्रॅम. नितीन, म्हणजे माझा नवरा, लेन्सच्या कारखान्यात इंजिनिअर. मी घरी बसून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि सामिया आमच्या समोरच्या दारात. सुदानची, ओमदुर्मान शहरातली. तिकडे शाळेत केमिस्ट्री शिकवायची. इथे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सकाळच्या पाळीला सरकत्या पट्ट्यावर पेशंटांचे ट्रे भरायची. पंचेचाळिशीची, उंच, चालताना डावा खांदा जरा पुढे. एकटी राहायची, पण तिच्याकडे कधी एकटं माणूस दिसायचं नाही.

तिला दोन माणसांचा स्वयंपाक येतच नसे. "आज तुम्हाला चव बघायला देते," असं म्हणून ती जे भांडं आणायची त्यात आमचे दोन दिवस निघायचे. चहात चार चमचे साखर. माझा चहा प्यायली की म्हणायची, "छान आहे, पण हा चहा आहे का?" माझा मोठा कुकर नेला तो आठ महिने परत दिला नाही, आणि मी मागायला गेले तर त्यातच मला वाढलं. आणि एक विचित्र सवय होती. फोनवर तिकडून व्हॉइस मेसेज आला की आधी उठून साबणाने हात धुवायची, कोरडे करायची, मग उभ्यानेच ऐकायची. कधी बसून ऐकलेलं मी पाहिलं नाही.

एकदा आमची लिफ्ट बंद पडली. आठव्या मजल्यावर फ्राऊ लिंडनर, वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. मी लगेच हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, ई-मेल लिहिला. मुद्देसूद, फोटोंसकट, उत्तराची फ्रिस्ट, म्हणजे मुदत, घालून. मग दुसरा लिहिला. तिसऱ्यात कायद्याचं कलमही घातलं. चौथ्या दिवशी खाली उतरते तर जिन्याच्या तोंडाशी एक टोपली. आत फ्राऊ लिंडनरचा ब्रेड, दूध, औषधांची पिशवी. वर भिंतीला कागद चिकटवलेला, जर्मनमध्ये, व्याकरणाच्या दोन चुकांसह : वर जाताय? एक मजला पुरे.

जो वर जाईल त्याने टोपली एक मजला न्यायची आणि तिथे ठेवायची. पुढे ज्याला जायचं असेल तो नेईल. दुपारपर्यंत टोपली आठव्यावर पोचायची आणि संध्याकाळी रिकामी खाली यायची. सहा वर्षांत ज्यांनी मला 'हालो' म्हटलं नव्हतं ती माणसं टोपलीपाशी उभी राहून गप्पा हाणायला लागली. नऊ दिवसांनी लिफ्ट सुरू झाली. दहाव्या दिवशी माझ्या ई-मेलला उत्तर आलं, की लिफ्ट सुरू आहे.

"आमच्याकडे याला नफीर म्हणतात," सामिया म्हणाली. "हाक घालायची. येईल त्याने जमेल तेवढं उचलायचं."

"आमच्याकडे सावड म्हणतात," मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी तेच!" तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र जन्मात सावडीने काही केलेलं नव्हतं. ते काही मी तिला सांगितलं नाही.

मग तिकडे युद्ध पेटलं. एकाच देशातली दोन सैन्यं शहराच्या मधोमध भिडली. आमची इमारत काटकोनात वळलेली आहे, त्यामुळे माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की तिच्या स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसायची. त्या खिडकीत एके दिवशी काचेचे सात छोटे ग्लास आले, चहाचे, प्रत्येकाच्या गळ्याशी वेगळ्या रंगाचा लोकरीचा दोरा. काही उभे, काही पालथे. मला आधी वाटलं, धुऊन ठेवलेत.

तिकडे गल्लीगल्लीत लोकांनी स्वतःच चुली पेटवल्या होत्या. सरकार नाही, मोठी संस्था नाही. शिंपी, नर्स, शिक्षिका, रिक्षावाला, असे जमून मिळेल तिथून डाळ आणायचे, एक मोठं भांडं चढवायचे आणि अख्ख्या गल्लीला जेवू घालायचे. फोन कधी लागायचे, कधी नाही. त्यामुळे या गल्लीची खबर त्या गल्लीला पोचायची ती येनामार्गे. कुठे पाणी संपलं, कुणाकडे इन्सुलिन उरलंय, लाकडं कुठे मिळतील, हे सामिया ऐकायची आणि ज्याला हवं त्यालाच सांगायची. तिच्यासारखे आणखी कुठे कुठे बसलेले होते. कोण, ते तिलाही पुरतं माहीत नव्हतं. माहीत नसणं हाच नियम होता. काही लिहायचं नाही, नाव घ्यायचं नाही, प्रत्येकाने आपला एक मजला बघायचा. एक ग्लास म्हणजे एक चूल. चूल पेटल्याची खबर आली की ग्लास उभा. खबर नाही तोवर पालथा.

सकाळी कॉफी घेताना मी ते ग्लास मोजायचे. चिंता होती असं सांगितलं तर खोटं होईल. मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या एका शब्दावाचून जगात कुणाचं काही अडत नव्हतं, आणि हिच्या शब्दावर सात गल्ल्या जेवत होत्या. युद्धातल्या बाईचा हेवा! लाज वाटायची, पण वाटायचा.

अशात माझी आई नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली.

आई मूळची बार्शीची. बाबा लवकर गेले आणि तिने पुण्यात सव्वीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांची मेस चालवली. त्या मेसची मला शाळेत लाज वाटायची; दप्तराला फोडणीचा वास यायचा. आईने मला ओट्यापाशी कधी येऊ दिलं नाही. "तू अभ्यास कर," एवढंच. आणि अभ्यास करून मी शाळेत पहिली आले तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आता ताटं घे." शाबास हा शब्द माझ्या आईला येतो की नाही याचीच मला शंका होती.

येऊन चौथा दिवस असेल. समोरून ज्वारीचं पीठ भाजल्याचा वास आला. आई उठली, दार उघडून सरळ समोरच्या घरात शिरली. जर्मनीत! बेल न वाजवता! मी मागून धावले तर ही सामियाच्या हातून उलथनं काढून घेतेय. "अगं आच कमी कर बाई, करपतंय." आणि सामिया, जी हॉस्पिटलमध्ये जर्मन मुकादमिणीचं ऐकत नसे, ती मुकाट्याने गॅस बारीक करतेय.

झालं. त्या दिवसापासून माझी आई तिची झाली. आईला मराठीशिवाय काही येत नाही. सामियाचं अरबी आणि मोडकं जर्मन. पण 'साबण', 'खबर', 'बाकी', 'फक्त' हे शब्द दोघींकडेही निघाले आणि तेवढ्या भांडवलावर त्यांचा कारभार बिनबोभाट चालला. ती पाळीवरून आली की आई समोर हजर. 'सामे, इकडं ये,' 'सामे, हे धर.' माझी अठ्ठेचाळीस वर्षांत मंजूची मंजे झाली ती फक्त रागावताना. हिची पंधरा दिवसांत सामे झाली, तीही लाडाने!

आईला त्या चुलींचं सगळं लगेच कळलं, कारण ते तिच्याच धंद्यातलं होतं. डाळ पन्नासांची आणि दारात ऐंशी माणसं उभी, हा प्रसंग तिला नवा नव्हता. तिने सामियाला दाखवलं. ज्वारीचं पीठ कोरडं भाजायचं, खमंग वास आला की उतरवायचं, गार पाण्यात कालवायचं आणि मग उकळत्या डाळीत धार धरायची. कोरडं पीठ गरमात टाकलंस तर गुठळ्या होतात. तळापासून ढवळत राहायचं. डाळ दाट होते, वाढते, पोटात टिकते. सामियाने हात धुतले, फोन उचलला आणि ते सगळं अरबीत बोलून पाठवलं. ज्वारी तिकडेही रोजचीच, त्यामुळे समजावायला काही जड गेलं नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं, हिरव्या दोऱ्याच्या ग्लासाकडून. एक बाई बोलत होती आणि बोलता बोलता हसत होती. घोगरं हसणं, शेवटी खोकल्यात जाणारं. सामियाने उभ्यानेच ऐकलं, मला जर्मनमध्ये सांगितलं आणि मी आईला मराठीत : "त्या हिंदुस्थानी आईला सांग, आज भांडं रांगेच्या शेवटापर्यंत पुरलं. आणि शेवटी मीही जेवले."

आईने तो मेसेज चार वेळा लावायला लावला. मग पदराने डोळे पुसले आणि सामियाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "शाबास गं माझी बाई."

म्हणजे येत होता तर शब्द! मी तिथेच उभी होते, दुभाषी म्हणून. माझ्या तोंडून गेलेलं वाक्य, आणि शाबासकी तिला. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी अशी घासली की नितीन म्हणाला, "अगं, एखादं फोडशील."

मला आईची तशी नजर हवी होती. सरळच सांगते, पुढचं सगळं त्यासाठी केलं. लोकांना मदत व्हावी हे कारण मी नंतर चिकटवलं.

सामिया बोलायला बसली की परातीत पीठ पसरून बोटाने काहीतरी काढायची आणि आईला समजावायची. मग हाताने पुसून त्याच पिठाची भाकरी. एका शनिवारी मी आईला विचारलं, "ती पिठात काय काढते गं?" आई इतकी खूश झाली! लेकीने पहिल्यांदाच परातीशी बसून काही विचारलं होतं. तिने मला शेजारी बसवलं, पीठ पसरलं. "ही नदी बघ. हा पूल. हा लाल दोरा, शाळेच्या मागं. हिरवा इथं, पाण्याच्या टाकीपाशी. ती सांगते आणि लगेच पुसून टाकते. तिलाही कुणाला तरी सांगावंसं वाटतं गं, आणि मी कुणाला सांगणार?"

मी होते ना. टेस्टरचे डोळे माझे. परातीचा फोटो काढला, शेजारी उपग्रहाचा नकाशा उघडला, आणि संध्याकाळपर्यंत सातांपैकी पाच चुलींवर बोट ठेवू शकत होते. रविवारी सकाळी सुंदर पान तयार झालं. नकाशावर पाच टाचण्या. पेटलेली चूल हिरवी, विझलेली लाल. टाचणीवर टिचकी मारली की काय हवं त्याची यादी. काचेच्या ग्लासांवर कसला कारभार करता या काळात! मी ते इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ऑफिसात पाठवलं, आणि नोकरीवाल्यांच्या त्या साइटवर, जिथे सगळे स्वतःची पाठ थोपटत असतात, तिथेही लावलं. वर चार ओळी लिहिल्या. त्यांत 'मी' सहा वेळा होता.

दुपारी सामियाला चहाला बोलावलं. आई होती, नितीन होता. लॅपटॉप तिच्यापुढे फिरवला आणि मी आईच्या तोंडाकडे बघत बसले, बघण्याच्या कार्यक्रमातल्या पोरीसारखी.

सामियाने एकेका टाचणीवरून नजर फिरवली. मग हळू विचारलं, "हे किती जणांनी पाहिलं?"

"सहाशेच्या वर!" मी म्हणाले. "आणि दोन पत्रकारांनी चौकशी केलीय."

ती उठली. चहा तसाच. ओरडली नाही, दारही आपटलं नाही. मिनिटभरात समोरच्या खिडकीत तिचा हात दिसला. उभे ग्लास ती आपल्या हाताने पालथे घालत होती. लाल. पिवळा. निळा. पांढरा. हिरवा. मग आमच्याकडे पाठ करून फोन कानाला लावला. त्या वेळी तिने हात धुतले नाहीत.

नितीनला कळलं आधी. "मंजू, ते पान काढ. आत्ता काढ." जो इतक्या लोकांना जेवू घालतो तो समोरच्या बाजूचा माणूस असणारच, असं तिकडे दोन्ही सैन्यांना वाटतं. म्हणून स्वयंपाक करणाऱ्यांनाच उचलून नेतात. हे बातम्यांत आलेलं होतं. मीही वाचलेलं होतं. वाचून पुढच्या बातमीवर गेले होते.

आई खिडकीकडे बघत म्हणाली, "मंजे, काय केलंस गं?" आणि मग लगेच, माझ्याकडे न बघता, "नाही. पत्ता मी दिला. मीच दिला."

संध्याकाळी सामिया दारात आली.

"पुसलंस?"

"पुसलं."

"पिठासारखं पुसलंस?"

कुणी कुणी उतरवून घेतलं असेल, पुढे पाठवलं असेल, मला काय ठाऊक? "तू आठही मजले एकटीच चढलीस, मंजू," एवढंच म्हणाली आणि गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला ती तेव्हाही आवडली नाही. इतकं शांत राहता येतं, याचाही हेवा वाटला.

पाचही चुली त्या दिवशी विझवून जागा बदलाव्या लागल्या. भांडी हलवायची, लोकांना कानोकानी नवी जागा कळवायची, आणि तोवर गल्लीने काय खायचं ते गल्लीने बघायचं. तिसऱ्या दिवशी पिवळा उभा राहिला. मग पांढरा आणि निळा एकदम. अकराव्या दिवशी लाल. मी ओट्यापाशी उभी राहून एकेक बघत होते, आणि आता ते मोजणं पहिल्यासारखं नव्हतं.

हिरवा पालथाच राहिला.

आई दोन दिवस समोर गेली नाही. तिसऱ्या दिवशी सामियाच आली, "मामा, पीठ," म्हणाली (ती आईला मामा म्हणायची, म्हणजे आईच) आणि हाताला धरून घेऊन गेली. पुढचे तीन आठवडे दोघी पूर्वीसारख्याच बसायच्या, फक्त परातीत आता काही काढत नसत. हिरव्या ग्लासाचं काय झालं, नकाशामुळे झालं की आणखी कशाने, हे कुणालाच सांगता आलं नाही. त्या भागाचे फोनच बंद होते. "युद्धात एकच कारण नसतं," सामिया म्हणायची. आईला हे मी तीनदा मराठीत सांगितलं. आई नुसती ऐकून घ्यायची. नव्वद दिवस भरले तेव्हा विमानतळावर तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं ते हेच, "खबर आली की कळवशील ना?"

त्यानंतर दर फोनला पहिला शब्द, "हिरवा?" मी कशी आहे ते नंतर.

वर्षभराने सामियाने जायचं ठरवलं. कैरोला, आणि तिथून जमेल तसं पुढे. "फोनवरून भांडं ढवळता येत नाही," म्हणाली. चार दिवसांत घर रिकामं केलं, माझा कुकर घासून परत दिला. सहा ग्लास कागदात गुंडाळून सामानात घातले आणि सातवा माझ्या हातात दिला. हिरव्या दोऱ्याचा. "पालथा ठेव. खबर मी स्वतः काढते, आणि पहिल्यांदा तुला सांगते." मला कशाला, आईला का नाही, हे मी विचारलं नाही. पण जिना उतरताना मी तिची मोठी बॅग उचलली तर दुसऱ्या मजल्यावर तिने ती माझ्याकडून काढून घेतली. "एक मजला पुरे," म्हणाली. हसत म्हणाली की कशी, ते पाठमोरी असल्याने दिसलं नाही.

येना पाराडीज स्टेशनवर लाइपझिगची गाडी लागली. ती चढली, दाराशीच उभी राहिली. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते, माफीचं, जर्मनमध्ये, विभक्त्या तपासून. तोंड उघडते तोच तिचा फोन वाजला. तिने पिशवीतून ओला रुमाल काढून हात पुसले, एक बोट वर करून मला 'थांब' म्हटलं आणि फोन कानाशी धरला. मी थांबले. दार लागलं. काचेच्या आत ती उभी, मान खाली, बोट अजून वरच. गाडी वळेपर्यंत मी त्या बोटाकडे बघत थांबले होते. तिचं मी पाहिलेलं ते शेवटचं.

अधूनमधून तिचा मेसेज येतो. दोनच शब्द, "अजून नाही."

परवा रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि तिथेच कणीक मळायला घेतली. आई आता थकली आहे, गेल्या महिन्यात पडली, आवाज बारीक झालाय. "हिरवा?" विचारायला तिने तोंड उघडलं आणि थबकली. मग चष्मा वर करून पडद्याला नाक लावलं.

"मंजू! अगं उभा आहे! पेटली का गं चूल?"

मी मागे वळून पाहिलं. ओट्याच्या खिडकीत मी तो ग्लास पालथा ठेवलेला असायचा, पण नितीनने सकाळी खिडकी पुसली होती. त्याने तो ग्लास घासून, पुसून, नीट उभा ठेवला होता. वर ऊन पडलं होतं.

आईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, एकदाच, पण तेव्हा तो दुसरीकडे वळलेला होता. आज माझ्याकडे होता.

"हो," मी म्हणाले. "पेटली. आजच खबर आली."

"आणि ती बाई?"

"हसत होती."

आईने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "शाबास गं माझी बाई. शाबास."

सामियाने खरं ते सांगितलं असतं. आणि तरी आईने तिलाच शाबास म्हटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

फोन बंद केला. हाताला कणीक होती. साबण लावून हात धुतले, कोरडे केले, आणि ग्लास पुन्हा पालथा घातला.